बॅटऱ्या स्वस्त झाल्या, पण सेल बनवायला आपण कधी शिकणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलरच्या बातम्या आता रोजच असतात. अमुक तालुक्यात इतके मेगावॅट, तमुक कंपनीशी इतक्या कोटींचा करार, वाचून बरं वाटतं, आणि मी कराडजवळ एका पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल शिकवते त्यामुळे अशी कात्रणं वर्गात नेऊन मुलांसमोर ठेवायची मला सवयच आहे. पण या बातम्यांमधे एक आकडा जवळजवळ कधीच नसतो. दुपारी तयार झालेली ही वीज संध्याकाळी सात वाजता कशी वापरणार, म्हणजे साठवणार किती आणि ती पुरणार किती तास, हे कुणी लिहीत नाही. आणि साठवलीच तर ज्या बॅटरीत साठवणार तिचा सेल, म्हणजे तिच्या आतला प्रत्यक्ष वीज साठवणारा सुटा घटक, बनवला कुणी, हे तर अजिबातच नसतं. जगात गेल्या आठ-दहा वर्षांत सगळ्यात मोठी उलथापालथ याच विषयात झालीये, म्हणून हे पत्र लिहितेय. जरा लांबलंय, पण जागा द्यावी ही विनंती.

आधी मेगावॅट आणि मेगावॅट-अवर यातला फरक, कारण बातम्यांमधे सगळा घोळ तिथेच होतो. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही, पावसाळ्यात आम्ही सगळे क्युसेक आणि टीएमसीतच बोलतो. कोयनेतून किती क्युसेक सोडलं हा झाला विसर्ग आणि धरणात किती टीएमसी आहे तो साठा. बॅटरीचं तसंच, मेगावॅट म्हणजे एका वेळी किती वीज सोडता येते ते आणि मेगावॅट-अवर म्हणजे आत एकूण किती भरलीये ते. एक मेगावॅट-अवर म्हणजे आपल्या बिलावरचे हजार युनिट. नुसतं १०० मेगावॅटची बॅटरी म्हटलं तर माहिती अर्धीच झाली, ती एक तास चालणार की चार तास हे सांगितल्याशिवाय तिची किंमतही कळत नाही आणि उपयोगही.

आता गरज किती ते बघू. २०२५ च्या जानेवारीत देशातली सोलर क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट). आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीचे फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज नेणाऱ्या लाइनी, दिवसा सोलरवर चालवायचं काम चालू आहे, १६ हजार मेगावॅटचं उद्दिष्ट आहे, आणि हे काम मला मनापासून पटतं. रात्री-अपरात्री टॉर्च घेऊन मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याचा त्रास ज्यांनी घरात बघितलाय त्यांना दिवसा वीज म्हणजे काय ते सांगायला नको, सापाची भीती, बिबट्याची भीती, सगळं त्यात आलं. शिवाय शेतीचा लोड दुपारी आला की तेवढी वीज साठवायची गरजच उरत नाही, हे तर फारच चांगलं. पण घरातले दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर, दवाखाने, दुकानं यांचा लोड संध्याकाळीच येणार, आणि सूर्य तेव्हा मावळलेला असणार. राजस्थानात तर दुपारची सोलर वीज ग्रीडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, घेता येत नाही म्हणून काही वेळा प्लांट बंद ठेवायला सांगतात, आणि त्याच दिवशी संध्याकाळी कोळशाचे संच पूर्ण दाबून चालवायला लागतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ च्या आराखड्यात हिशोब मांडलाय, २०३१-३२ पर्यंत देशाला सुमारे ४११ गिगावॅट-अवर साठवण लागेल, त्यात निम्म्याहून जास्त, म्हणजे २३६, बॅटरीची आणि बाकी पंप्ड स्टोरेजची, म्हणजे पाणी वर चढवून ठेवायचं आणि लागेल तेव्हा खाली सोडून वीज काढायची. याच प्राधिकरणाने २०२५ च्या फेब्रुवारीत असंही सुचवलं की सोलरचं नवं टेंडर काढताना क्षमतेच्या किमान दहा टक्के, दोन तासांची साठवण बरोबर घ्या.

पंप्ड स्टोरेज आपल्याला नवीन नाही. कोयनेचे १,९६० मेगावॅट हा संध्याकाळी मागणी सगळ्यात जास्त असते तेव्हाचा महाराष्ट्राचा जुना आधार आहे, लागलं की काही मिनिटांत मशीन चालू होतं, पण तिथलं बहुतेक पाणी एकदा वशिष्ठीकडे उतरलं की उतरलं. पाणी परत वर चढवायची सोय घाटघरला आहे, २५० मेगावॅटची, वरचं धरण अकोले तालुक्यात आणि खालचं शहापूरकडे. वीज स्वस्त असेल तेव्हा खालून वर पंप करायचं आणि मागणी वाढली की सोडायचं, चढवताना-उतरवताना वीस-पंचवीस टक्के वीज जाते, तरी परवडतं. भिवपुरी आणि शिरवटा इथे मिळून २,८०० मेगावॅटसाठी टाटा पॉवरने २०२३ मध्ये राज्य सरकारशी करार केलाय. हे सगळं व्हायलाच हवं. पण डोंगर पोखरायचा, बोगदे काढायचे, वनखात्याची परवानगी, ज्यांची जमीन जाते त्यांचं पुनर्वसन, यात वर्षं जातात आणि घाईने करूही नये. बॅटरीचे कंटेनर मात्र सबस्टेशनशेजारच्या मोकळ्या जागेत वर्ष-दीड वर्षात उभे राहतात, आणि जिथे लोड आहे तिथेच बसवता येतात.

जगाने हेच केलं. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१६ च्या सप्टेंबरमध्ये वादळात टॉवर पडले आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. त्यानंतर तिथे जेम्सटाउन गावाजवळ हॉर्न्सडेलला टेस्लाने बॅटरी बसवली, शंभर दिवसांत नाही झाली तर फुकट अशी पैज लावून, आणि २०१७ संपायच्या आत ती चालू झाली. १०० मेगावॅट, १२९ मेगावॅट-अवर, तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी लिथियम बॅटरी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात लॉय यांगचा कोळशाचा संच अचानक ट्रिप झाला, म्हणजे बंद पडला, आणि ग्रीडची फ्रिक्वेन्सी (पुरवठा मागणीला कमी पडला की ती उतरते) घसरायला लागली, तेव्हा शेकडो किलोमीटर लांबच्या या बॅटरीने सेकंदाच्या आत वीज सोडायला सुरुवात केली. मी फ्रिक्वेन्सी कंट्रोल शिकवते तेव्हा हे उदाहरण आवर्जून सांगते. टर्बाइनला एवढ्या चपळाईने लोड उचलता येत नाही.

कॅलिफोर्नियात २०२० च्या ऑगस्टमध्ये उष्णतेच्या लाटेत संध्याकाळी भारनियमन करायची वेळ आली होती, तेव्हा त्यांच्या ग्रीडवर बॅटऱ्या फक्त काही शे मेगावॅटच्या होत्या. २०२४ मध्ये त्या दहा हजार मेगावॅटच्या वर गेल्या आणि त्या एप्रिलमध्ये पहिल्यांदाच असं झालं की संध्याकाळी थोडा वेळ का होईना, सगळ्यात जास्त वीज देणारा एकटा स्रोत बॅटऱ्या होत्या, गॅसपेक्षाही जास्त. चीनचं तर विचारूच नका, पंप्ड स्टोरेज सोडून त्यांची नवी साठवण क्षमता २०२४ अखेर ७३.७६ गिगावॅट आणि १६८ गिगावॅट-अवर झाली, चार वर्षांपूर्वीच्या साधारण वीसपट. आणि अबुधाबीत २०२५ च्या जानेवारीत जो प्रकल्प जाहीर झाला त्यात ५.२ गिगावॅट सोलर आणि १९ गिगावॅट-अवर बॅटरी आहे, त्यातून रात्रंदिवस सलग एक गिगावॅट वीज द्यायची. हॉर्न्सडेलच्या जवळपास दीडशेपट साठवण एकाच प्रकल्पात, आणि मधे गेली फक्त सात वर्षं. सोलर म्हणजे फक्त दिवसाची वीज हे जे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो ते आता तसं राहिलेलं नाही.

कारखान्यांचं बोलायचं तर २०२४ मध्ये जगात बॅटरीची मागणी वर्षाला एक टेरावॅट-अवरवर पोचली, त्यात बहुतेक गाड्यांसाठी. एक टेरावॅट-अवर म्हणजे १०० कोटी युनिट. आकडा प्रचंड वाटतो, पण भारत दिवसाला साधारण साडेचारशे कोटी युनिट वापरतो, म्हणजे जगाने त्या वर्षी बनवलेल्या सगळ्या बॅटऱ्या गोळा करून एकदा भरून आपल्याला दिल्या तरी देश जेमतेम पाच तास चालेल. वर्गात ही आकडेमोड केली की मुलं गप्प होतात. एका बाजूला एवढी वाढ, दुसऱ्या बाजूला अजून एवढं काम बाकी. आणि कारखान्यांची क्षमता मात्र मागणीच्या तिप्पट, तीन टेरावॅट-अवर, त्यातली बहुतेक चीनमध्ये. जगात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांपैकी पाऊण हिस्सा तिथेच बनतो.

त्यामुळे भाव कोसळले. २०१० च्या सुमाराला एका किलोवॅट-अवरच्या बॅटरी पॅकला हजार डॉलरच्या वर मोजावे लागायचे, २०२४ मध्ये जगाची सरासरी ११५ डॉलर आली. आपल्या टेंडरमध्ये ते कसं दिसलं बघा. २०२२ मध्ये केंद्राच्या सेकीने (सोलर एनर्जी कॉर्पोरेशन) दोन तासांच्या बॅटरीसाठी काढलेल्या टेंडरात दर आला दर मेगावॅटला महिना १० लाख ८३ हजार रुपये. २०२५ मध्ये तशाच दोन तासांच्या साठवणुकीला दर दोन-सव्वादोन लाखांच्या आसपास येऊ लागले. साधा हिशोब करा, एक मेगावॅट दोन तास म्हणजे दोन हजार युनिट, दिवसातून एकदा भरून रिकामी केली तर महिन्याला साठ हजार युनिट. जुन्या दराने साठवणुकीचा खर्चच युनिटला अठरा रुपये पडत होता, २०२५ च्या दराने तो साडेतीन रुपयांच्या आसपास आला, आणि दिवसातून दोनदा वापरली तर त्याच्याही निम्मा. काही टेंडरांना सरकारच्या अनुदानाचा आधार आहे हे खरं, पण तेवढ्याने अठराचे साडेतीन होत नाहीत, मूळ बॅटरीच स्वस्त झालीये. म्हणून साठवण परवडत नाही असं आज कुणी म्हणत असेल तर त्याने २०२२ चा कागद खाली ठेवून आजचा बघावा.

इथपर्यंत सगळं छान आहे. मला काळजी याच्या पुढची आहे.

बॅटरी स्वस्त झाली ती एखाद्या मोठ्या शोधामुळे नाही. लिथियम आयन बॅटरी सोनीने बाजारात आणली १९९१ ला. आज ग्रीडसाठी जी सगळ्यात जास्त वापरतात ती लिथियम आयर्न फॉस्फेट, तिच्यावरचा मूळ पेपर १९९७ चा, टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या लॅबमधला, ज्यांना पुढे २०१९ मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी नोबेल मिळालं. त्या पेपरवर गुडइनफ यांच्या आधी दोन नावं आहेत, पाधी आणि नंजुंदस्वामी. दोघंही भारतीय. यात कोबाल्ट नाही, निकेल नाही, लोखंड आणि फॉस्फेट आहे, गाडीसाठी जरा जड पडते पण जमिनीवर ठेवायच्या बॅटरीला वजनाचं काय, हजारो वेळा चार्ज-डिस्चार्ज होते आणि पेटायची भीती बाकीच्यांपेक्षा कमी. म्हणजे शोध अमेरिकेतल्या लॅबमधला, त्यात आपल्या माणसांचा हात, आणि माल बनतो चीनमधल्या निंगदे नि शेन्झेनला. मूळ पेटंटची मुदत २०२२ मध्येच संपली, तेव्हा पेटंट आडवं येतंय असंही नाही.

मग अडतंय कुठे तर सेल बनवण्याच्या कामात, आणि हे काम बाहेरून दिसतं त्यापेक्षा फार नाजूक आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी रसायनाची पावडर, ती चिकटवून ठेवणारा बाइंडर आणि सॉल्व्हंट यांचा लगदा करायचा, त्यात गाठ राहता कामा नये. तो धातूच्या फॉइलवर लावायचा, सेलच्या ऋण टोकासाठी तांब्याचं आणि धन टोकासाठी अॅल्युमिनियमचं, तांब्याचं फॉइल सहा-आठ मायक्रॉनचं, आपल्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिस्स्याइतकं. मशीन मिनिटाला कित्येक मीटर वेगाने पळत असतं आणि लगद्याचा थर सगळीकडे सारखा बसायला हवा, फॉइलच्या दोन्ही बाजूंना, मग तो वाळवायचा, रोलरखाली दाबायचा, पट्ट्या कापायच्या. कापताना धातूचा डोळ्याला न दिसणारा कण सुटला आणि आत राहिला तर सहा महिन्यांनी, वर्षाने तो मधला पडदा भेदून आतल्या आत शॉर्ट करू शकतो. पुढे गुंडाळी किंवा थप्पी करून डब्यात घालायचं आणि इलेक्ट्रोलाइट भरायचं, हे सगळं ड्राय रूममध्ये, जिथली हवा राजस्थानच्या उन्हाळ्यापेक्षाही कितीतरी कोरडी ठेवावी लागते कारण इलेक्ट्रोलाइटमधल्या मिठाला पाण्याचा अंश लागला की हायड्रोफ्लोरिक अॅसिड तयार होतं. आत काम करणाऱ्या माणसाच्या श्वासातली वाफसुद्धा मोजावी लागते. शेवटी सेल पहिल्यांदा हळूहळू चार्ज करायचा, त्यात आत जो पातळ थर तयार होतो त्यावर त्या सेलचं आयुष्य ठरतं, आणि मग काही दिवस, कधी काही आठवडे, नुसता ठेवून बघायचं की व्होल्टेज उतरतंय का.

यातली एकेक पायरी पुस्तकात आहे, मी ती फळ्यावर लिहू शकते. पण लगदा आज जरा घट्ट झालाय, रोलरचा दाब थोडा कमी करावा लागेल, हे फळ्यावर येत नाही. ते कारखान्यातल्या उत्पादनाच्या लाइनवर उभं राहून येतं, हजारो मीटर फॉइल वाया घालवून येतं. नवीन कारखान्यात सुरुवातीला मालाचा मोठा हिस्सा भंगारात जातो आणि तो हळूहळू कमी करत न्यायचा यालाच खरं कारखाना चालवणं म्हणतात. चीनने स्वस्त कर्ज दिलं, सबसिडी दिली, सगळं केलं, पण त्याचबरोबर दीड-दोन दशकं अक्षरशः लाखो माणसांना या लाइनवर उभं केलं. स्वस्ताई तिथून आलीये.

पैसा ओतला की जमतं असं वाटणाऱ्यांनी स्वीडनच्या नॉर्थव्होल्टकडे बघावं. २०१६ ला सुरू झालेली बॅटरी सेल बनवणारी कंपनी, युरोपची आशा म्हणून गाजली, मोठमोठ्या गाडी कंपन्यांच्या ऑर्डरी हातात, उत्तरेला शेलेफ्तिओला जलविद्युतवर चालणारा कारखाना, जवळपास १५ अब्ज डॉलर उभे केले. पण लाइनवरून चांगले सेल पुरेसे बाहेर पडेनात. २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने दोन अब्ज युरोची ऑर्डर रद्द केली आणि २०२५ च्या मार्चमध्ये कंपनीने स्वीडनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. कागदावर क्षमता किती आणि रोज दारातून बाहेर पडणारे चांगले सेल किती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जगाची तीन टेरावॅट-अवर क्षमता असं आपण वाचतो तेव्हाही हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडे केंद्राने २०२१ मध्ये १८,१०० कोटींची पीएलआय, म्हणजे उत्पादनावर अनुदान देणारी, योजना आणली, ५० गिगावॅट-अवर सेल देशात बनवायचं उद्दिष्ट. योजनेला मी चूक म्हणणार नाही. तामिळनाडूत कृष्णगिरीला, गुजरातमध्ये साणंदला, तेलंगणात, बंगळुरूला कारखाने उभे राहतायत किंवा चालू होतायत, आपल्या नागपूरला मोठ्या प्रकल्पाला २०२४ मध्ये मान्यता मिळाल्याची बातमी होती. पण चार वर्षांनी, २०२५ मध्येही, पन्नासपैकी प्रत्यक्ष चालू झालेला भाग फार थोडा होता. कारण योजना पैसे देते ते विकलेल्या मालावर, शिकण्यावर नाही. सेल विकला की अनुदान, पण पहिले लाखभर सेल भंगारात घालून हात बसवायचा त्याची सोय कुठे आहे? ती ज्याने त्याने आपापल्या खिशातून करायची, मग मोठ्या घराण्यांशिवाय कुणी पुढे येत नाही आणि तेही परदेशातून मशीन, परदेशातून तंत्रज्ञ, व्हिसा मिळेपर्यंत मशीन झाकून ठेवा, अशा चक्रात अडकतात.

आमची मुलं चाकण, भोसरी, रांजणगावकडे बॅटरीच्या कामाला लागतात. पगार बरा आहे, काम स्वच्छ आहे, मला आनंदच आहे. पण जवळजवळ सगळीकडे काम एकच, पॅक असेंब्ली. बाहेरून आलेले सेल तपासायचे, ओळीत लावायचे, सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या (बसबार) वेल्ड करायच्या, बॅटरीवर लक्ष ठेवणारं बीएमएसचं सर्किट जोडायचं, डबा बंद करायचा, टेस्ट करायचा. हे काम कमी दर्जाचं मुळीच नाही, चुकीचं वेल्डिंग झालं तर गाडी पेटते, २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला स्कूटर पेटलेली सगळ्यांनी बघितली आणि त्यानंतर नियम कडक झाले ते बरंच झालं. पण सेल हा त्या मुलांसाठी बंद डबाच राहतो. एक माजी विद्यार्थिनी फोनवर मला म्हणाली, "मॅडम, आत काय चाललंय ते आम्ही डेटाशीटवरच वाचतो." हुशार मुलगी आहे, तिला ड्राय रूममध्ये सहा महिने उभं केलं तर ती इतरांना शिकवेल. पण उभं कुठे करायचं?

यावर लोक म्हणतील, कशाला हा खटाटोप, चीनकडे ढीग पडलाय, स्वस्त आहे, घ्या आणि बसवा. आज घ्यायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. संध्याकाळचा कोळसा कमी करायचा तर साठवण आत्ता हवी, आपला सेल तयार होईपर्यंत थांबायला नको. पण फक्त तेवढ्यावर विसंबून राहिलो तर दोरी दुसऱ्याच्या हातात आहे. चीनने २०२३ च्या डिसेंबरपासून ग्राफाइटच्या निर्यातीवर परवाना लावला, आणि बॅटरीत जाणारं ग्राफाइट नव्वद टक्क्यांच्या आसपास त्यांच्याकडेच तयार होतं. २०२५ च्या जुलैत तर लिथियम आयर्न फॉस्फेटची कॅथोड पावडर, म्हणजे सेलच्या धन टोकाला लागणारी, बनवायचं तंत्रच निर्यात-नियंत्रणाच्या यादीत घातलं. सेल विकतील, बनवायची विद्या सहजासहजी देणार नाहीत, आणि त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी हेच केलं असतं.

लिथियमच्या खाणीबद्दल आपल्याकडे फार चर्चा होते, त्यामानाने मला तो मुद्दा छोटा वाटतो. जम्मूतल्या रियासीला ५९ लाख टनांचा साठा म्हणून २०२३ मध्ये केवढा गाजावाजा झाला, पुढे लिलावाला पुरेसे बोलीदारच आले नाहीत. अर्जेंटिनात काबिल या सरकारी कंपनीने २०२४ मध्ये लिथियमचे पाच ब्लॉक घेतलेत ते ठीकच. लिथियमचा भाव २०२२ च्या शेवटी आकाशाला भिडला आणि सव्वा वर्षात सपाटून पडला. माल मिळतो हो. चीन स्वतः ऑस्ट्रेलियातून दगड आणतो आणि शुद्ध करून विकतो. अडचण आहे ती शुद्ध करायच्या आणि सेल बनवायच्या हातांची.

आगीचंही लिहिलं पाहिजे, कारण गावाशेजारी कंटेनर येणार म्हटलं की लोक विचारणारच आणि त्यांनी विचारायलाच हवं. कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला २०२५ च्या जानेवारीत मोठी आग लागली, हजारावर लोकांना घरं सोडावी लागली. तिथे बॅटऱ्या जुन्या वीज केंद्राच्या बंद इमारतीत दाटीने ठेवलेल्या होत्या आणि रसायन निकेलवाल्या जातीचं होतं. आता बहुतेक ठिकाणी मोकळ्या जागेत, कंटेनरमध्ये अंतर सोडून, लिथियम आयर्न फॉस्फेट वापरतात. आपल्याकडे साइट मंजूर करताना दोन कंटेनरमधलं अंतर, जवळच्या फायर ब्रिगेडचं ट्रेनिंग, पाण्याची सोय हे सगळं ग्रामपंचायतीला मराठीत लिहून दिलं पाहिजे. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम २०२२ मध्ये झालेत, ते कागदावर चांगले आहेत. इन्व्हर्टरच्या लेड बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या भट्ट्या शहरांच्या कडेला कशा चालतात ते आपण वर्षानुवर्षं बघतोय, लिथियमचं तसं होऊ देऊ नका.

तर माझं मागणं काय. पुण्यात पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे, आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे, इलेक्ट्रॉनिक्सच्या पदार्थांवर काम करणारी सी-मेट आहे, टेकडीच्या पलीकडे गाड्यांच्या बॅटऱ्या तपासणारी एआरएआय आहे. आयसर पुणे आणि केपीआयटी ही पुण्याची कंपनी यांनी मिळून सोडियम आयन बॅटरीचं तंत्र विकसित केलं आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये ते लोकांसमोर मांडलं, सोडियमला लिथियम लागत नाही, तांब्याचं फॉइल लागत नाही, आणि बनवायच्या पायऱ्या बऱ्याचशा त्याच. एवढी डोकी दहा-बारा किलोमीटरच्या आत आहेत. पण लॅबमध्ये नाण्याएवढा सेल होतो आणि तिथून थेट हजारो कोटींच्या कारखान्यात उडी मारायची म्हटलं की कुणाचंच धाडस होत नाही, कारण मधली पायरीच नाही. ब्रिटनने २०२१ मध्ये कॉव्हेन्ट्रीला नेमकी ही मधली पायरी बांधली, सुमारे १३ कोटी पौंड सरकारी पैशातून, खऱ्या आकाराच्या मशीनची लाइन, कुठल्याही कंपनीने यावं, भाडं भरून आपलं रसायन चालवून बघावं आणि माणसं तयार करून न्यावी.

महाराष्ट्र सरकारने पुणे परिसरात अशी एक सामायिक लाइन उभी करावी. ड्राय रूमसकट, लगद्यापासून सेलच्या पहिल्या चार्जिंगपर्यंत. तिच्यावर छोट्या कंपन्यांना तासाच्या भाड्याने जागा मिळावी आणि वर्षातले ठरावीक महिने ती फक्त आयटीआय, पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी राखून ठेवावी, तिथे वाया गेलेल्या फॉइलचा खर्च शिक्षणाचा खर्च म्हणून धरावा. पैसे कुठून हा प्रश्न येईल. महावितरण आणि इतर कंपन्या साठवणुकीची जी टेंडरं काढणार आहेत त्यांच्या रकमेतला अगदी छोटा हिस्सा यासाठी बाजूला काढता येईल, आणि परदेशी सेल पुरवणाऱ्याला अशी अट घालता येईल की तुमचे दोन तंत्रज्ञ वर्षभर या लाइनवर शिकवायला हवेत. आज बाजारात कारखाने जास्त आणि गिऱ्हाइकं कमी आहेत, विकणाऱ्याला गरज आहे, अशी अट आत्ता मान्य होईल. दोन-चार वर्षांनी मागणी वाढली की हीच अट घालायला गेलो तर कुणी दारात उभं करणार नाही.

तंत्रशिक्षण मंडळालाही विनंती आहे की डिप्लोमाच्या अभ्यासक्रमात साठवणुकीला स्वतंत्र विषय द्यावा आणि त्याचं प्रॅक्टिकल अशा लाइनवर ठेवावं. कराड, साताऱ्याहून मुलांना पंधरा दिवस पुण्यात राहायला पाठवायची आमची तयारी आहे, राहण्या-जेवणाचं आम्ही बघू, पालकांशी मी स्वतः बोलेन, विशेषतः मुलींच्या. यावर उद्योग खात्याचं आणि महाऊर्जा या राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेचं म्हणणं काय आहे ते आपल्या प्रतिनिधीने विचारून छापावं, आणि उत्तर आलं तर मी ते आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना वाचून दाखवीन, त्यातल्या बऱ्याच जणांना येत्या जूनमध्ये ठरवायचंय की कुठे जायचं.

आपली,
पॉलिटेक्निकमधील एक अध्यापिका, कराड